बुधवारी गणवेश

पहाटे सहाला मी शाळेचं मागचं दार उघडते.
वारा आधी आत येतो, मग मी.
पश्चिम टेक्ससात वाऱ्याला कुणी थांब म्हणत नाही.
तो कापसाच्या शेतांवरून निघतो,
तेलाच्या पंपांना वळसा घालतो
आणि माझ्या जिमच्या फरशीवर लाल माती ठेवून जातो.
झाडू माझ्याच हातात.
चोवीस वर्षं फौजेत काढली, त्यातली वीस रसद मोजण्यात :
बूट, ब्लँकेटं, डिझेल,
एकदा वाळवंटात चुकून आलेल्या चारशे छत्र्या.
आता पोरं मोजते.

एकतीस. आज अठ्ठावीस.

पोरं मला फर्स्ट सार्जंट म्हणतात,
त्यांच्या आया मिस उर्कीदी,
आणि मुख्याध्यापक गरज पडेल तसं.

बुधवार म्हणजे गणवेश.
डॅगोबेर्तोच्या शर्टाला इतकी कडक इस्त्री
की कॉलरनं गळ्यावर रेघ ओढलीय.
बाकी चार दिवस तो एकाच हुडीत असतो.
मी विचारत नाही.
सामानाच्या कपाटात इस्त्री ठेवलीय,
आणि कपाटाला कुलूप लावायला मी विसरते.
चोवीस वर्षांत मी एकही कुलूप विसरले नाही,
हे त्यालाही ठाऊक असावं.

‘सावधान’मध्ये गुडघे आवळू नका, मी सांगते. भोवळ येते.
दरवर्षी एक तरी पडतो,
झाड पडावं तसा, हात न टेकता.
यंदा केलिन पडली. हनुवटीला तीन टाके.
दुसऱ्या दिवशी तीच रांगेत दटावत होती : गुडघे सैल, गाढवांनो!
मला तीन महिन्यांत जमलं नाही
ते तीन टाक्यांनी केलं.

रायफली लाकडाच्या. नळीला भोकसुद्धा नाही.
तरी नव्या पोरांचे डोळे लकाकतात
तेव्हा माझ्या पोटात काहीतरी खाली सरकतं.
ही काठी आहे, मी म्हणते. काठीच समजा.
पण पाडलीत तर गाठ माझ्याशी आहे.

गुरुवारी भरतीवाला आला. चांगला मुलगा, पांढरेशुभ्र दात.
टेबलावर फुकटची पेनं, पाण्याच्या बाटल्या.
नोहेमी फॉर्म घेऊन माझ्याकडे :
तुम्ही काय म्हणाल?

काय म्हणू?
याच फॉर्मनं मला गावाबाहेर काढलं,
माझे दात नीट केले, आईचं छप्पर गळायचं थांबवलं.
याच फॉर्मनं एका रात्री माझ्याकडून
एका पोराच्या सामानाची यादी करून घेतली :
घड्याळ एक. मोजे चार जोड. पत्र एक, अर्धवट.
दोन्ही सांगितलं. आधी दात, मग मोजे.
ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
कॉलेजचा अर्ज सोमवारी बंद होतोय.
दोन्ही कागद तिच्या दप्तरात गेले,
एकमेकांना चिकटून.

शनिवारी म्हाताऱ्या प्रुइटचं दफन.
नातलग म्हणून एक पुतणी, लबकहून गाडी हाकत आलेली.
घडी करायला फौजेतून दोघं,
आणि निशाणं धरून उभी माझी चार पोरं.
वाऱ्यानं डॅगोबेर्तोला काठीसकट ओढायला घेतलं.
मी लांबून पाहत होते, नुसते त्याचे गुडघे.
सैल होते.

नंतर पुतणीनं त्याला विचारलं, तू ओळखायचास त्यांना?
‘नाही मॅम. शनिवारी रिकामाच असतो मी.’

टायरच्या दुकानाशी व्हॅन थांबवायला लावली त्यानं.
शर्ट काढला, हँगरला लावला, माझ्या हाती दिला,
आणि चाळीस मिनिटं उशिरा पोचलेला कामगार
मालकाच्या शिव्यांकडे चालत गेला,
डावा, उजवा, डावा,
सवयीनं.

शाळेत येऊन शर्ट टांगला.
इस्त्रीची तार खुंटीला अर्धीच गुंडाळलेली, घाईघाईत.
मी ती तशीच राहू दिली.